मुलाखतीआधी एडीएचडी कुणाला, कधी आणि किती सांगायचं

‘ॲडमिशनच्या मुलाखतीत एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावीळपणा आवरणं अवघड जाणारी अवस्था) सांगावं का?’ हा एक प्रश्न वाटतो, पण आत दोन दडलेले आहेत. ॲडमिशन ऑफिसला आधी कळवून सोय मागणं हा एक. पॅनलसमोर बसल्यावर स्वतःहून तो विषय काढणं हा दुसरा. पहिलं ज्यांना गरज आहे त्या सगळ्यांनी करावं. दुसरं फार थोड्यांनी. गोंधळ होतो तो दोन्ही एकत्र केल्यामुळे: ऑफिसला काहीच कळवायचं नाही, आणि मुलाखत घसरायला लागली की घाईघाईत पॅनललाच सांगून टाकायचं. त्या क्षणी ती माहिती राहत नाही, सबब होते.

आधी तुमच्या प्रवेशात मुलाखत आहे का ते बघा. एमबीबीएसला ‘नीट’चे गुण चालतात, मुलाखत नसते. राज्याच्या सीईटीवरून कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, एमबीए मिळवणाऱ्यांनाही नसते. त्यांनी सोय मागायची ती परीक्षेसाठी, तीही अर्ज भरतानाच. मुलाखतीचा प्रश्न येतो तो आयआयएम आणि खासगी बी-स्कूल्स, सीईईडी या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेनंतरचं एम.डेस. आणि परदेशातल्या मेडिकल, लॉ किंवा बिझनेस स्कूलसाठी घरून लॅपटॉपवर मुलाखत देणाऱ्यांना.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात एडीएचडीचं नाव नाही. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया वगैरे, मात्र आहे. एडीएचडीसोबत तीही असेल तर तिचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढा, कागदोपत्री वाट बरीच सोपी होते. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं, पण सोयीसाठी ती अट नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं.

म्हणून नुसतं एडीएचडी असेल तर कोट्याच्या रकान्यात खूण करू नका. प्रमाणपत्र नसताना केलेली खूण पुढे कागदपत्रं तपासताना अंगाशी येते. पत्रात ‘आरक्षण नको, फक्त मुलाखतीच्या पद्धतीत सोय हवी’ असं सरळ लिहा. या एका वाक्याने ऑफिसची निम्मी धास्ती जाते. आणखी एक: कॅट या आयआयएमच्या प्रवेश परीक्षेत दिव्यांग उमेदवाराला प्रत्येक विभागाला ४० ऐवजी ५३ मिनिटं २० सेकंद मिळतात. ती सोय मिळाली होती म्हणून मुलाखतीत आपोआप काही मिळेल असं धरून चालू नका. तिथे नव्याने मागावं लागतं.

कागद

कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस, मुलाखती साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. निदान अजून झालेलं नसेल तर ऑगस्ट-सप्टेंबरातच मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या, कारण काम एका बैठकीत होत नाही. मोठ्या वयात निदान करताना लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतात का, हे डॉक्टर तपासतात. जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. ‘हुशार आहे पण लक्ष नाही’, ‘वही अपूर्ण’ असे शेरे, जे वाचून घरी धपाटे बसले असतील, तेच आता पुरावा आहेत. आई, बाबा किंवा लहानपणापासून पाहिलेलं कुणी सोबत असेल तर उत्तम. आणि घरचे म्हणणार, ‘धांदरट आहे एवढंच, डॉक्टर कशाला?’ त्यांना समजावण्यात महिना घालवू नका. मावशी किंवा मोठी बहीणही लहानपणचं सांगू शकते.

कॉलेजला पूर्ण अहवाल पाठवायचा नाही. त्यात आयक्यू, घरची माहिती, जुने आजार असं बरंच काही असतं आणि ऑफिसला त्यातलं काहीच लागत नाही. डॉक्टरांकडून लेटरहेडवर एक पानाचं पत्र घ्या. त्यात नोंदणी क्रमांक, निदान, तारीख, मुलाखतीत नेमकी अडचण काय येते आणि कोणती सोय सुचवली आहे, एवढं हवं. ‘हा रुग्ण माझ्याकडे उपचार घेत आहे’ एवढ्याच ओळीचं पत्र निरुपयोगी ठरतं, कारण अडचण आणि सोय यांचा दुवाच त्यात नसतो. डॉक्टर घाईत असतात, तेव्हा मुद्दे स्वतः टाइप करून न्या.

काय मागायचं

‘एक्स्ट्रा टाइम द्या’ हे लेखी परीक्षेचं मागणं आहे. वीस मिनिटांच्या मुलाखतीत जास्तीचा वेळ म्हणजे जास्तीचे प्रश्न. तुमचं घोडं नेमकं कुठे अडतं ते आधी शोधा. मित्राला तीन सराव मुलाखती घ्यायला सांगा आणि रेकॉर्ड करा. बहुतेकांचं असं दिसतं: तीन भागांचा प्रश्न आला की पहिल्या भागाचं उत्तर देता देता बाकीचे दोन निसटतात. यावर उपाय कोरा कागद आणि पेन जवळ ठेवण्याची परवानगी, किंवा प्रश्न एकेक करून विचारण्याची विनंती. ऑनलाइन असेल तर प्रश्न चॅटमध्ये लिहून मागता येतो. मागे शिपाई चहा घेऊन फिरतो, दार उघडं, शेजारच्या टेबलावर दुसरी मुलाखत चालू आणि लक्ष तिकडेच जातं, असं होत असेल तर दाराकडे पाठ होईल अशी खुर्ची किंवा वेगळी खोली मागा. ग्रुप डिस्कशनला विषय छापून द्यावा. मुलाखतीआधी निबंध लिहायचा असेल तर तिथे मात्र जास्तीचा वेळ रास्त आहे. लेखी परीक्षेत तासाला वीस मिनिटं हे सरकारी माप रुळलेलं आहे, त्या हिशेबाने अर्ध्या तासाला दहा.

दोन-तीनच गोष्टी मागा. सात मागितल्या की ऑफिस त्यातल्या सोप्या दोन देतं, आणि त्या तुमच्या कामाच्या असतीलच असं नाही. सोपे प्रश्न किंवा कमी कटऑफ ही सोय नव्हे, ते मागूच नये.

परदेशी मेडिकल स्कूल्समध्ये अनेक छोट्या मुलाखतींची साखळी असते. दाराबाहेर दोनेक मिनिटं प्रसंग वाचायचा, आत जाऊन काही मिनिटं बोलायचं, घंटा झाली की पुढची खोली. इथे प्रसंगाचा कागद आतही समोर राहू द्या आणि मध्ये एक छोटी विश्रांती द्या, या दोन मागण्या सगळ्यात उपयोगी. अमेरिकेत प्रवेशाआधी ‘तुम्हाला अपंगत्व आहे का’ असं कॉलेजने विचारायचं नसतं, पण सोय मागायची तर सुरुवात तुम्हालाच करावी लागते.

पत्र

मुलाखतीचं बोलावणं आलं की दोन दिवसांत मेल करा. सर्वसाधारण पत्त्यावर पाठवलेला मेल हमखास बुडतो. दिव्यांग किंवा समान संधी कक्ष असेल तर त्याचा पत्ता शोधा आणि ॲडमिशन ऑफिसला प्रत ठेवा. इंग्रजीतच लिहा, मजकूर एवढाच:

‘माझा अर्ज क्रमांक अमुक, मुलाखत अमुक तारखेला आहे. मला एडीएचडी आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. मुलाखतीत टिपणासाठी कागद-पेन आणि प्रश्न एकेक करून विचारले जावेत, एवढी विनंती आहे. मला आरक्षण नको आहे. पॅनलला फक्त सोय कळवावी, निदान कळवू नये. कृपया लेखी उत्तर द्यावं.’

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन करा, नाव विचारून घ्या आणि बोलणं झाल्यावर ‘आत्ता ठरल्याप्रमाणे’ असा दोन ओळींचा मेल टाका. त्या मेलची छापील प्रत मुलाखतीला न्या. कारण ऑफिसने हो म्हटलेलं असतं आणि पॅनलला पत्ताच नसतो, हे वारंवार होतं. अशा वेळी आत शिरण्याआधी बाहेरच्या समन्वयकाला प्रत दाखवायची.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि त्याच मेलमध्ये कमी खर्चाचा पर्याय सुचवा. वेगळी खोली नाही, तर कोपऱ्यातलं टेबल. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे, केंद्रीय संस्थांसाठी दिल्लीत मुख्य आयुक्त आहेत, पण मुलाखत आठवड्यावर असताना तिथून निकाल येईल या भरवशावर राहू नका.

पॅनलसमोर

अर्जात एखादं वर्ष वाया गेलेलं असेल किंवा गुण एकदम घसरून पुन्हा चढले असतील आणि खरं कारण हेच असेल, तर सांगा. चाळीस सेकंदांत: काय झालं, निदान कधी झालं, त्यानंतर काय बदललं, आणि त्या बदलाचा आकडा. ‘दुसऱ्या वर्षी दोन केटी लागल्या, त्या उन्हाळ्यात निदान झालं, शेवटच्या दोन सेमिस्टरला पहिला वर्ग’ एवढं पुरे. गोळ्यांची नावं, मेंदूतली रसायनं, बालपण नको. आणि ‘एडीएचडीमुळे मी जास्त क्रिएटिव्ह आहे’ हे तर अजिबात नको. पुढचा प्रश्न ‘उदाहरण द्या’ हाच येतो.

निदान न सांगताही बरंच भागतं. ‘सर, प्रश्नाचे दोन भाग आहेत, लिहून घेतो’ असं कुणीही म्हणू शकतं.

त्या दिवशी

मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची साधी गोळी तीन-चार तास काम करते. रिपोर्टिंग साडेआठला आणि नंबर दुपारी एकला, असं झालं की ऐन वेळी असर उतरलेला असतो. दिवसाचं वेळापत्रक आधी डॉक्टरांना दाखवा, वेळा त्यांनाच ठरवू द्या. नवी गोळी किंवा नवा डोस त्या दिवशी पहिल्यांदा घ्यायचा नाही. प्रत्येक केमिस्टकडे ती नसते, म्हणून आठवडाभर आधी आणून ठेवा आणि चिठ्ठी जवळ बाळगा.

मुलाखती शनिवार-रविवारीही असतात आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक. डोंबिवलीहून पवईला जायचं तर आदल्या रात्री ब्लॉकच्या वेळा बघा आणि घरून निघायचा अलार्म लावा, पोहोचायचा नव्हे. मूळ कागदांची फाइल रात्रीच दाराच्या कडीला अडकवून ठेवा.

प्रवेश मिळाला तर वर्गातल्या आणि परीक्षेतल्या सोयीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. मुलाखतीची सोय पुढे सरकत नाही. डॉक्टरांकडून नव्या तारखेचं पत्र जूनमध्येच घेऊन ठेवा.