कोऱ्या कागदाची भीती कशी घालवायची
स्केच काढायला बसलं की पहिल्या रेघेलाच हात अडतो ना, माझाही अडायचा, तर असं करा, महागडा ३०० जीएसएमचा जाड कागद कपाटात ठेवा, पाठकोरे कागद आणि ४बी, म्हणजे मऊ आणि गडद पेन्सिल घ्या, खोडरबर मात्र दुसऱ्या खोलीत. मोबाईलवर १० मिनिटांचा टायमर लावा आणि समोरचा चहाचा कप काढा. कपाचा कान वाकडा आला तरी खोडू नका, शेजारीच दुसरी रेघ मारा, कारण बरोबर रेघ कुठे हवी होती ते चुकलेल्या रेघेमुळेच दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. टायमर वाजला की थांबायचं. तारीख टाका, फाडू नका. आणि लगेच इन्स्टाग्रामवर नको, लाईक मोजायला लागलो की हात परत आखडतो. असं करत राहा आणि महिन्याने साठलेले सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडून बघा.