दुसरा गिअर सुटतोय? जुन्या जीपचा गिअरबॉक्स घरी खोलताना

आमची जीप 1968 ची, महिंद्राची सीजे-3बी. वाळपईच्या कुळागरातली सुपारी आणि नारळ अण्णांनी तिच्यातूनच वाहिले. माझ्याकडे आली तेव्हा तिला एक खोड लागली होती. चोर्ला घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला, की गिअरचा दांडा आपसूक न्यूट्रलमध्ये. मेकॅनिक म्हणाला, अख्खा बॉक्सच बदला. मला ते पटलं नाही.

एक आधीच सांगतो, हे काम पावसात काढू नका. मी आषाढात काढलं आणि डिझेलने लख्ख धुतलेल्या शाफ्टवर सकाळी तांबूस झाक दिसली. काढायचंच झालं तर प्रत्येक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

गाडी थोडी फिरवून तेल गरम असतानाच काढा आणि उन्हात धरून बघा. राखाडी गाळ असला तर काळजी नको. पितळेची चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या) झिजल्यात. लोखंडाचे कपचे आले, तर मात्र दाते नाहीतर बेअरिंग.

आता फक्त वरचं झाकण काढा. या टी-90 बॉक्सला पुढचे तीनच गिअर. गिअर सरकवणारे फोर्क आणि ते ज्यावर बसतात ते दोन दांडे झाकणातच असतात आणि प्रत्येक दांडा स्प्रिंग-गोळीने जागेवर धरलेला असतो. स्प्रिंग मेली असेल तर गिअर सुटतो, आणि नवी टाकून कधीकधी तेवढ्यावरच भागतं. माझं भागलं नाही. (गोळी मात्र उडाली. तुळशीवृंदावनामागे सापडली. तेव्हा दांडा ओढताना भोकावर फडकं धरा.)

बॉक्स आणि मागचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) एकत्रच खाली उतरतात. वजन भरपूर, दोन माणसं हवीतच. दोन्ही वेगळे केले, की मागे काउंटर शाफ्टची, म्हणजे खालच्या शाफ्टची, लॉक प्लेट दिसते. ती काढा आणि शाफ्ट पितळी दांड्याने पुढून मागे ठोका. त्यावरचा गिअरचा जोड (एकाच तुकड्यातले सगळे गिअर) आत तळाशी बसतो, मग मेन शाफ्ट वरून निघतो.

खरी कसोटी बसवताना. त्या जोडाच्या पोटात सुईसारख्या रोलरच्या ओळी असतात. काढताना त्या मोजून भिंतीवर लिहा. बसवायला मी वाळलेल्या पोफळीची रीप तासून खोटा शाफ्ट केला, खऱ्यापेक्षा किंचित बारीक आणि लांबीला जोड अधिक दोन्हीकडचे वॉशर एवढाच. रोलर ग्रीसने चिकटवून खोटा शाफ्ट आत घाला, जोड तळाशी ठेवा, मेन शाफ्ट बसवा आणि मग जोड उचलून खरा शाफ्ट मागून सरकवा. पोफळ पुढून बाहेर पडते आणि एकही सुई सांडत नाही. पहिल्यांदा मी हे न करता दोन तास सुया वेचत होतो.

जोडाचा लांबीतला खेळ फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. 0.30 ते 0.46 मिलिमीटर हवा. कमी-जास्त असेल तर मागचा पोलादी वॉशर बदलायचा. सिंक्रोच्या दोन्ही रिंगा, बेअरिंगं आणि सील नवीच घाला. मी बेळगावहून आणली. जुनी रिंग नव्या रिंगेशेजारी ठेवून गिअरच्या शंकूवर दाबलीत, की झीज डोळ्यांनाच कळते. माझ्या बॉक्समध्ये दोषी तीच होती, शिवाय गिअर जोडणाऱ्या सरकत्या स्लीव्हच्या दात्यांची धारही गेलेली.

झाकण बसवताना दोन दांड्यांमधली छोटी इंटरलॉक पिन (दोन गिअर एकदम लागू न देणारी) विसरू नका. मी विसरलो. मागे घ्यायला गेलो तर दोन गिअर एकदम लागले, गाडी अंगणातच जाम. झाकण परत काढावं लागलं.

तेल जीएल-4 (हा गिअर तेलाचा वर्ग), 90 ग्रेडचं घाला. जीएल-5 ची काही तेलं पितळी रिंगांना मानवत नाहीत. ट्रान्सफर केसमध्ये वेगळं भरा, दोन्हींत फिलर प्लगच्या तोंडाशी येईपर्यंत. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, त्यामुळे जीप पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकू नका. त्यात करकर झाली, तर तो बॉक्सचा दोष नव्हे.