चीनमधून इंग्रजी शिकवायची ऑफर आली, तर ती कशी पारखावी

पहिल्याच ओळीत आकडा असतो: महिना २०,००० युआन, राहायची सोय, जाण्यायेण्याचं तिकीट. इथल्या खासगी शाळेत कंत्राटावर शिकवणारा माणूस ते वाचतो आणि लगेच मोबाइलवर रुपयांचा गुणाकार करतो. तो गुणाकार शेवटी करायचा. अशी ऑफर खालून वर वाचावी, असं माझं मत आहे. आधी व्हिसा, मग मालक कोण, मग करार, आणि पगार सगळ्यात शेवटी.

पायरी १: आधी स्वतःचा पासपोर्ट बघा

हे कडू आहे, पण पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. २०१७ पासून चीनमध्ये परदेशी कर्मचाऱ्यांना कामाचा परवाना अ, ब, क अशा वर्गवारीने मिळतो. भाषा शिकवणाऱ्यासाठी नियम असा, की त्याने तत्त्वतः आपली मातृभाषाच शिकवावी, त्याच्याकडे पदवी असावी आणि भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा अनुभव असावा. शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, आपल्या देशातलं शिक्षक-पात्रतेचं प्रमाणपत्र किंवा मान्य टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं) प्रमाणपत्र असेल, तर अनुभवाची अट सुटते. मातृभाषेची अट मात्र राहते. व्यवहारात इंग्रजीसाठी सात देशांचे पासपोर्ट धरले जातात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका.

म्हणजे टोरांटोत वाढलेली, कॅनडाचा पासपोर्ट असलेली मराठी मुलगी सहज बसते. आयुष्यभर इंग्रजी माध्यमात शिकलेला, इंग्रजीत एम.ए. केलेला नाशिकचा मुलगा अडतो. इंग्रजी कोणाची चांगली, हा प्रश्न तिथे कुणी विचारतच नाही. भारतीय पासपोर्टवर सरळ वाट वेगळी आहे: आंतरराष्ट्रीय शाळेत गणित, भौतिकशास्त्र, संगणक असा विषय इंग्रजीतून शिकवायचा. तिथे त्या विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव बघतात. तेव्हा भारतीय पासपोर्टवर ‘इंग्लिश टीचर’ची ऑफर आली, तर पहिला प्रश्न एवढाच: परवान्याच्या अर्जात माझं पद काय लिहिणार?

यावर उत्तर ‘बिझनेस व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ’ असं आलं, तर बोलणं तिथेच थांबवा. कामासाठी झेड व्हिसाच लागतो. पर्यटक, विद्यार्थी किंवा व्यापारी व्हिसावर परवान्याशिवाय शिकवणं हे बेकायदा काम ठरतं. २०१३ च्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीही. वर देशाबाहेर काढू शकतात ते वेगळंच. मालकालाही दंड होतो, पण कोठडीत मालक बसत नाही.

योग्य क्रम लक्षात ठेवा. आधी शाळा तिथल्या कार्यालयातून तुमच्या नावाचं कामाच्या परवान्याचं सूचनापत्र काढते. ते पत्र घेऊन तुम्ही इथून झेड व्हिसा काढता. तिथे पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद, मग वैद्यकीय तपासणी, आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. सूचनापत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नका आणि इथल्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

पायरी २: मालक कोण, ते शोधा

ऑफर पाठवणारा, पगार देणारा आणि जिथे शिकवायचं ती शाळा, हे तिघे वेगळे असू शकतात. परवान्यावर ज्याचं नाव, त्याच्याचकडे काम करता येतं. एजन्सीच्या नावावर परवाना काढून तुम्हाला सोमवारी एका बालवाडीत आणि बुधवारी दुसऱ्या शाळेत पाठवत असतील, तर तपासणी आली की अडचणीत तुम्ही.

चिनी संस्थेला १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो. तो आणि संस्थेचं चिनी लिपीतलं पूर्ण नाव मागा. कंपनी असेल तर सरकारच्या उद्योगनोंदणीच्या संकेतस्थळावर ती फुकट शोधता येते: स्थापना कधीची, व्यवसाय कोणता लिहिलाय, दंड झालाय का. पान चिनीत आहे, पण मोबाइलच्या भाषांतरावर भागतं. इंग्रजी नावावर जाऊ नका. ‘ऑक्सफर्ड’, ‘केंब्रिज’ असं काहीही पाटीवर असू शकतं.

खासगी शिकवणी केंद्राची ऑफर असेल तर आणखी खोलात जा. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने मुलांवरचा गृहपाठ आणि शिकवण्यांचा ‘दुहेरी भार कमी’ करण्याचं धोरण आणलं आणि पहिली ते नववीच्या मुलांना शालेय विषयांच्या खासगी शिकवण्या शनिवार-रविवारी आणि सुट्टीत घ्यायला बंदी घातली. मोठमोठी केंद्रं त्या फटक्यात बसली. काही नाटक, कला, विज्ञान-खेळ अशी नावं लावून चालू राहिली. त्यामुळे ‘लहान मुलांना वीकएंडला इंग्रजी’ असं काम असेल, तर केंद्राच्या नोंदणीत व्यवसाय काय लिहिलाय ते नक्की बघा. विद्यापीठात पगार कमी, पण तास थोडे आणि सुट्ट्या लांब. सरकारी शाळा मधली. आंतरराष्ट्रीय शाळेत पैसे जास्त आणि राबणूकही तशीच.

पायरी ३: करार ओळ न ओळ वाचा

करार दोन भाषांत असतो आणि तंटा झाला तर बहुतेक वेळा चिनी मजकूर ग्राह्य धरतात. हे वाक्य करारातच कुठेतरी शेवटी असतं, शोधा. मग चिनी प्रत अशा कुणाला दाखवा, ज्याला ती वाचता येते आणि जो शाळेचा माणूस नाही. सहीपेक्षा शिक्का मोठा: संस्थेचा गोल लाल शिक्का नसेल तर त्या कागदाला तिथे कुणी विचारत नाही.

माझ्या ओळखीच्या एका मुलीच्या करारात ‘आठवड्याला २५ तास’ असं होतं. तिला ते हलकं वाटलं. नीट वाचल्यावर कळलं, की २५ हे फक्त वर्गातले तास. तयारी, पालकांना दाखवायचे नमुना तास आणि केंद्रात हजर राहणं धरून आठवडा ४० तासांचा, आणि सुट्टी सोमवार-मंगळवार. तिने ‘मागच्या आठवड्याचं खरं वेळापत्रक पाठवा’ एवढाच निरोप केला. आलेल्या फोटोत शनिवारी सकाळी ९ ते संध्याकाळी ७ रकाने भरलेले होते. तेव्हा आकडा विचारू नका, वेळापत्रक मागा. एक तास म्हणजे ४० मिनिटं की ६०, तेही त्यातच दिसतं.

परिविक्षेची (प्रोबेशनची) मुदत कायद्याने बांधलेली आहे: एक वर्षापेक्षा कमी करार असेल तर जास्तीत जास्त एक महिना, एक ते तीन वर्षांचा असेल तर दोन महिने. वर्षाच्या करारात कुणी सहा महिने लिहिले असतील, तर तो मालक बाकीचा कायदाही तसाच वाचत असणार. वसंतोत्सवाची (चिनी नववर्षाची) सुट्टी पगारी आहे का, तिकिटाचे पैसे आधी मिळणार की करार संपल्यावर, मध्येच सोडलं तर दंड किती, हे सगळं लेखी हवं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित कलम: नोकरी सोडताना कार्यमुक्तीचं पत्र आणि परवाना रद्द केल्याचा दाखला. हे दोन्ही नसतील तर चीनमध्ये दुसरी नोकरी धरणं महाकठीण. रागावलेल्या मालकाच्या हातातलं हे हत्यार असतं. ‘सूचना देऊन सोडल्यावर अमुक दिवसांत पत्र देऊ’ अशी ओळ घालून घ्या.

पायरी ४: आता पगार

महिना २०,००० युआन धरू. परदेशी कर्मचाऱ्यालाही सामाजिक विमा लागू आहे. निवृत्तिवेतनाचे ८ टक्के, वैद्यकीय सुमारे २ आणि बेरोजगारी अर्धा टक्का धरला तर २,१०० गेले (दर शहरागणिक थोडे बदलतात). यातली निवृत्तिवेतनाच्या वैयक्तिक खात्यातली रक्कम देश सोडताना काढता येते, हे बरेच जण विसरतात. करासाठी दरमहा ५,००० ची सूट आहे. उरले १२,९००. कर वर्षभराच्या बेरजेवर चढत जातो: जानेवारीत ३८७ युआन, एप्रिलपासून १,२९०, आणि डिसेंबरात २,३७०. म्हणजे डिसेंबरात पगार ‘कापला’ म्हणून भांडायला जाऊ नका. सरासरी हातात १६,७०० च्या आसपास. सप्टेंबरात रुजू झालात तर त्या वर्षात १८३ दिवस भरत नाहीत आणि हिशेब वेगळा होऊ शकतो, तोही शाळेकडून काढून घ्या.

राहायला घर देतात की घरभाडं, यातही फरक आहे. चिनी शहरांत एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम, अशी रीत आहे. भाडं ३,५०० असेल तर चावी मिळायच्या आधी १४,००० मोजायचे, दलाली वेगळी, आणि पहिला पगार अजून महिनाभर लांब. शांघाय किंवा शेंझेनमध्ये याहून जास्त. एवढे पैसे इथून नेता येत नसतील तर खोली देणारी, थोड्या कमी पगाराची ऑफर घ्यावी.

पायरी ५: कागद आणि एजंट

पदवीचं प्रमाणीकरण आणि पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारा पोलीस दाखला लागतो. अपोस्टिल (आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणीकरणाचा शिक्का) चालेल की चिनी दूतावासाचा शिक्का हवा, हे शाळेकडून आधी लिहून घ्या, नाहीतर दोनदा फेऱ्या. भारतातला एजंट मध्ये असेल तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापलीकडे घेता येत नाही.

पायरी ६: एक फोन

सध्या तिथे शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकाचा वीचॅट (चीनमधलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) क्रमांक मागा, शाळेने निवडलेल्या एकाचा आणि नोकरी सोडून गेलेल्या एकाचा. गप्पांत वेळ घालवू नका. तीनच प्रश्न विचारा: मागचा पगार कोणत्या तारखेला आला, परवान्यावर कुणाचं नाव आहे, आणि तुमचा पासपोर्ट आत्ता कुठे आहे? निवास परवान्याच्या कामासाठी तो पोलिसांकडे असेल तर हातात पावती असते. शाळेच्या कपाटात असेल, तर फोन ठेवा आणि पुढची ऑफर बघा.