लाइक द्या, पण पानं उलटून पाहिल्यावर

मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतो. अडीच एकर थॉमसन. ऑक्टोबर छाटणी झाली की रात्री जेवण उरकून यूट्यूबवर फवारण्या शोधत बसणं, हे आमच्याकडे घरोघरी चालतं. म्हणून तिथे आपण कशाला लाइक देतो, खाली काय लिहितो, याला मी फार जपतो.

तीन वर्षांपूर्वी डाऊनीवरचा, म्हणजे द्राक्षाच्या पानांवर येणाऱ्या रोगावरचा, एक व्हिडिओ पाहिला. खाली ओळीनं 'छान माहिती दादा'. मीही तेच लिहिलं, लाइक दिलं, सकाळी फवारणी केली. औषध स्पर्शजन्य होतं, म्हणजे पानात न शिरता वरच राहणारं, आणि दुपारी पाऊस आला. आठवड्यात पानांवर तेलकट डाग, पान उलटलं की पांढरी बुरशी. औषध वाईट नव्हतं, ज्यांना उघडीप मिळाली त्यांचं जमलंही असेल. पण पावसाचं कुणीच लिहिलं नव्हतं, आणि माझं लाइक तर फवारणीच्याही आधीचं!

तेव्हा व्हिडिओ आधी सेव्ह करा, फवारणीच्या वहीत टिपून ठेवा. आठ-दहा दिवसांनी बागेत फिरून पानं उलटून पाहा, मग काय ते द्या. सुरुवातीच्या चार जणांनी तर जास्तच जपावं. 2013 साली 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता. बातम्या शेअर करायच्या एका साइटवर संशोधकांनी काही नव्या कमेंटना मुद्दाम एक पसंतीचं मत देऊन ठेवलं. त्यांचे शेवटचे गुण सरासरी 25 टक्क्यांनी जास्त भरले. मुद्दाम दिलेलं नापसंतीचं मत मात्र इतरांनी भरून काढलं. म्हणजे उगाच केलेली निंदा लोक दुरुस्त करतात, उगाच केलेलं कौतुक वाढतच जातं.

कमेंट अशी लिहा: 'थॉमसन, काळी जमीन, छाटणीनंतर 32 वा दिवस, फवारणीनंतर चार तासांत पाऊस, फरक पडला नाही.' औषधाचं दुकानातलं नाव नको, डब्यावरचा घटक आणि प्रमाण लिहा. एकच घटक दहा नावांनी विकला जातो.

फसलेली फवारणी तर लिहाच. नोव्हेंबर 2021 पासून डिसलाइकचा आकडा फक्त चॅनेलवाल्याला दिसतो, त्यामुळे नुसता अंगठा खाली करून पुढच्या शेतकऱ्याला काहीच कळत नाही. भाषा मात्र सांभाळा. शिव्या दिल्या तर तो कमेंट उडवतो आणि तुमचा अनुभवही तिच्याबरोबर जातो.

दुसऱ्या कुणी असं नेमकं लिहिलं असेल तर लाइक त्या कमेंटला द्या, म्हणजे ती वर राहते.

आपली कमेंट नंतर बदलताही येते. त्या व्हिडिओखालचं माझं 'छान माहिती' मी काढलं आणि घडलं ते लिहिलं. यंदा छाटणीनंतर मोहाडीच्या एकानं तिथेच विचारलं, 'दादा, पाऊस नक्की किती वाजता आला होता?' मी वही काढली आणि वेळ सांगितली.