‘लाइट’ शब्दाशी गल्लत होते ती इथं

परभणी स्टेशनवर इंग्रजी घोषणेत ‘अलाइट’ हा शब्द आला, की शिकवणीतल्या पोरांना विचारतो, याचा अर्थ काय? निम्मी तरी म्हणतात, ‘सर, पेटणे.’ म्हणजे प्रवासी गाडीतून पेटले! पोरांचं चुकत नाही; लाइट म्हणजे उजेड एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. खरी गडबड त्याच्या आधीची आहे.

‘प्रकाशाला वजन नसतं, म्हणून हलक्यालाही लाइट म्हणतात.’ हे स्पष्टीकरण पटतं, लक्षात राहतं, आणि साफ चुकीचं आहे. मीही बरीच वर्षं हेच सांगितलं. हे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजीपर्यंत येता येता त्यांचे उच्चार सारखे झाले, पण कूळ निराळं. उजेडाच्या लाइटचं नातं संस्कृतातल्या ‘रुच्’ धातूशी, म्हणजे चमकण्याशी. हलक्या लाइटचं नातं ‘लघु’शी. आपला ‘हळू’ही लघुपासूनच प्राकृतातून आलेला. म्हणजे ‘हळू’ आणि हा लाइट दूरचे भाऊबंद! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मी कितीतरी वेळ शब्दकोश मिटला नाही. फुफ्फुसासाठीचा ‘लंग’ हा शब्दही याच हलक्या घराण्यातला.

पोरांना पटवायला मी ‘माळ’ घेतो. तो माळ म्हणजे बालाघाटचा उघडा माळ, ती माळ म्हणजे झेंडूची. माळावर फुलं उगवतात म्हणून हाराला माळ म्हणतात, असं कोणी म्हणालं तर आपण ऐकून घेऊ का?

आता ते स्टेशन. उतरण्याचा ‘अलाइट’ हलक्याच्या कुळातला. त्यामागची कल्पना अशी मानतात, की स्वार उतरला की घोड्याच्या पाठीवरचं ओझं हलकं होतं. पेटलेला या अर्थाचा ‘अलाइट’ही आहे, पण तो उजेडाच्या बाजूचा. वाक्यात पुढे ‘फ्रॉम’ आलं, की बहुधा उतरणंच समजा.

आपल्याकडची नेहमीची चूक म्हणजे ‘लाइट इज गॉन’. रात्रीच्या पाळीत मोटार चालू करायला शेतात जाणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘लाइट आली का?’ हेच शोभतं. तो मराठी शब्दच झालाय, तोही स्त्रीलिंगी. मात्र इंग्रजी लाइट म्हणजे दिवा किंवा उजेड, वीज नव्हे. इंग्रजीत ‘द पॉवर इज आउट’ किंवा ‘देअर इज अ पॉवर कट’ लिहा, आणि बिलाला ‘इलेक्ट्रिसिटी बिल’.

‘लाइट घे’ हेही तसंच. मित्राला ‘काळजी करू नको’ म्हणायचं असेल तर ‘टेक इट ईझी’. एका पोरानं नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, ‘आय टेक माय वर्क लाइटली’. त्याला म्हणायचं होतं, कामाचा ताण घेत नाही. वाचणाऱ्याला कळलं, कामाचं गांभीर्य नाही. अशा चुकीनं हाताशी आलेली नोकरी जाऊ शकते, म्हणून हे वाक्य फळ्यावर लिहून खोडायला लावतो.

वाहन परवान्यावरचं ‘लाइट मोटर व्हेइकल’ म्हणजे हलकं वाहन, 7,500 किलोपर्यंतचं. दिव्यांशी संबंध नाही. ‘लाइट इयर’ हे अंतर आहे, सुमारे 9.46 लाख कोटी किलोमीटर, काळ नव्हे.

‘डिलाइट’ या दोघांपैकी कोणाचाच नाही. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. लाइटसारखा दिसावा म्हणून लोकांनी मागाहून त्याचं स्पेलिंग वळवलं. आनंदाला उजेड चिकटवून अर्थ सांगू नका.

अडलं तर चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा. लाइटच्या डोक्यावर बारीक 1 आणि 2 असे आकडे दिसतात. दोन आकडे म्हणजे दोन शब्द. पोरं ते आकडे छपाईची खूण समजून पुढे जातात. आधी तिथंच बोट ठेवायला लावा.