जुन्या कडबा कुट्टीची पाती बदलताना: बेल्ट काढला की चाक जास्त मोकळं होतं

आयटीआयला फिटर ट्रेडची 2 वर्षं केली आणि मंगळवेढ्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये हाताखाली लागलो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाली की कुट्टीची (जनावरांसाठी चारा कापणाऱ्या मशीनची) कामं एकदम अंगावर येतात. मालदांडीचा कडबा, मक्याची धाटं, उसाचं वाढं, सगळं एकाच मशीनमधून जातं आणि पात्यांची धार जाते. रोज दोन-तीन गोठे फिरायचे. अशाच एका गोठ्यात माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर गेलं. तुम्ही नुकतेच या कामाला लागला असाल तर हे वाचूनच पुढच्या कुट्टीला हात लावा.

पाना कसा धरायचा, ग्राइंडरला धार कशी लावायची, हे तुम्हाला येतं. त्यात मी वेळ घालवत नाही.

विजेचं आधी सांगतो. ‘लाइट गेलीये, तोवर पाती बदलून टाक’ असं मालक म्हणतोच. ऐकू नका. बऱ्याच ठिकाणी विहिरीची मोटार आणि कुट्टी एकाच बोर्डावर असतात आणि स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला असतो. थ्री फेज आली की कुट्टी आपोआप फिरायला लागते. प्लग असेल तर काढा. थेट जोडणी असेल तर मेन स्विच पाडून किटकॅट (हाताने ओढून निघणारे) फ्यूज काढा आणि ते स्वतःच्या खिशात ठेवा. बोर्डावर ठेवलेलं फ्यूज कुणीतरी प्रामाणिकपणे, मदत म्हणून, परत बसवतं.

हे सगळं मी केलं होतं. फ्यूज खिशात होतं, बेल्टसुद्धा काढून ठेवला होता. आता मशीन मेलं, असं समजून मी निर्धास्त झालो.

इथेच घात झाला. बेल्ट चढवलेला असताना, ज्यावर पाती बसवलेली असतात त्या चाकाला मोटारीचा थोडा तरी अडसर असतो. बेल्ट काढला की तोही जातो आणि ते जड ओतीव चाक नुसत्या बेअरिंगवर लोंबतं. दोन्ही पाती जागेवर असतात तोवर वजन सारखं असतं, म्हणून चाक जिथे सोडाल तिथे थांबतं. ते थांबलेलं दिसतं म्हणून आपण विश्वास ठेवतो. मी खालचं पातं आधी सोडलं. नट गंजून आखडला होता, म्हणून पान्याला पाइप लावून जोर दिला. नट कचकन सुटला, पातं खाली आलं, आणि त्याच क्षणी वर राहिलेलं पातं आपल्या वजनाने चाकाला घेऊन खाली उतरलं. माझा डावा हात मशीनच्या तोंडाच्या, म्हणजे जिथून कडबा पात्यांसमोर येतो तिथल्या, पट्टीवर टेकलेला होता. एकीकडे ती पट्टी आणि दुसरीकडे येणारं पातं, म्हणजे कात्रीच. पातं बोथट होतं, म्हणून तर बदलायचं होतं. बोथट पातंही बोट तोडतं, कारण मागे चाकाचं वजन असतं.

म्हणून क्रम पाठ करा. काढताना पहिल्यांदा वरचं पातं. ते निघालं की जड बाजू आधीच खाली असते, चाकाला फिरायला कारण राहत नाही. मग खालचं काढा, चाक पुन्हा सारखं होतं. बसवताना उलट: पहिलं नवं पातं खालच्या बाजूला, दुसरं वर. तीन पात्यांच्या चाकात वजन प्रत्येक पात्याला सरकतं, तिथे क्रमावर विसंबताच येत नाही.

आणि क्रम पाळला तरी चाक अडवायचंच. जुन्या मशीनला चाक अडवायची खीळ बहुतेक वेळा हरवलेली असते. बाभळीचा चांगला जाड ओंडका चाकाच्या आऱ्यांमधून घालून दोन्ही बाजूंनी फ्रेमला टेकवा आणि दोरीने आवळा. मग चाकाची कड धरून दोन्ही दिशांना हिसका देऊन बघा. हललं तर अजून काम सुरू करायचं नाही. ‘मी धरतो की चाक’ म्हणणारा माणूस म्हणजे ठोकळा नव्हे. नट सुटताना बसणारा झटका माणसाच्या हाताला पेलत नाही.

घाबरून हे काम सोडू नका मात्र. मी त्यानंतर शेकडो पाती बदलली, पुन्हा कधी खरचटलंही नाही. यात ताकद किंवा धाडस लागत नाही, सुरुवातीची दहा मिनिटं लागतात.

आमच्या मिस्त्रींनी मला खूप शिकवलं, ते उपकार आहेतच. पण ‘हात बसला की भीती जाते’ हे त्यांचं वाक्य मी कुणाला शिकवत नाही. ठोकळा लावायला वेळ गेला म्हणून जो मिस्त्री पोरांवर ओरडतो, त्याच्याकडे राहू नये, पगार चांगला असला तरी. कारखान्यात फिरत्या भागांना कुंपण घालायची सक्ती कायद्याने असते. गोठ्यात ते बघायला कोणी येत नाही. तिथे तुम्हीच.

पाइप लावून नट तोडायची सवय तर पहिल्या दिवसापासूनच लावू नका. आदल्या दिवशी फोन करून मालकाला नटांवर डिझेल सोडून ठेवायला सांगा. रिंग पाना घ्या, वर हातोडीचे छोटे ठोके द्या. जोर नेहमी अशा बाजूला ओढा की नट सुटला तर हात मोकळ्या हवेत जाईल, पात्याकडे नाही. कोपरे झिजले असतील तर नट सरळ कापून काढा. बोल्ट गेला तर जाऊ द्या, तसाही तो परत वापरायचा नाही. नवा बोल्ट घेताना डोक्यावर 8.8 चा शिक्का (मजबुतीची खूण) बघा. साध्या बोल्टावर बसवलेलं पातं चालत्या चाकातून सुटलं तर समोरच्या माणसाचा जीव जाईल.

पाती जोडीनेच बदला आणि दुकानातच काट्यावर ठेवून दोन्हींचं वजन सारखं आहे का पाहा. कमीजास्त असलं की चाक थरथरतं आणि नट ढिले होतात. हातात नेताना पातं गोणपाटात गुंडाळून न्या.

पातं आणि तोंडाची पट्टी यांच्यातलं अंतर कागद कापून बघत जमवायला ठोकळा काढावा लागतो, तेव्हा पुन्हा सावध. चाक फिरवणारा आणि कागद धरणारा माणूस एकच असावा. दोघं असले की एकाचं ‘हं’ दुसऱ्याला ‘फिरव’ असं ऐकू येतं. कागद पक्कडीत धरा, चाक कडेला धरून हळू फिरवा. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे आणि लोखंडाला लोखंड घासता कामा नये. प्रत्येक पात्याला दोन्ही टोकांना बघा.

एवढं करूनही लागलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा आणि थेट दवाखाना गाठा. माझ्या जखमेत कुणीतरी मूठभर हळद भरली होती, डॉक्टरांचा बराच वेळ ती धुण्यात गेला. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात, ते कापड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बर्फ थेट लावायचा नाही. मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं.

शेवटी पाने मोजा, बेल्ट चढवा, चाकावरचं झाकण लावा. झाकण अडगळीत पडलेलं असेल तर मालकाला शोधायला लावा, त्याशिवाय फ्यूज देऊ नका. चाकाच्या रेषेत कोणाला उभं राहू न देता आधी रिकामं चालवा, मग थोडा कडबा घाला. दहा-पंधरा मिनिटांनी बंद करा, चाक पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा, फ्यूज पुन्हा खिशात घाला, चाक अडवा आणि सगळे नट आवळा. नवे बोल्ट पहिल्या चालीत थोडे बसतातच. जुनी पाती गोठ्यात भिंतीला टेकवून येऊ नका, तिथे लेकरं खेळतात. सुतळीने बांधून मालकाच्या हातात द्या.