आजी आणि मुलांना घेऊन अथेन्सचं अ‍ॅक्रोपोलिस कसं बघावं

आपल्याकडची बरीच कुटुंबं ग्रीसला जाताना आधी बेटांचं बुकिंग करतात. मग येताजाता उरलेला एक दिवस अथेन्सच्या वाट्याला येतो आणि मंडळी भर दुपारी बाराला अ‍ॅक्रोपोलिसच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक मंदिरांच्या, टेकडीखाली घाम पुसत उभी राहतात. माझं सांगणं असं, की आधी टेकडीवरचे सकाळचे दोन तास पक्के करा, आठ ते दहा. विमान, हॉटेल, बेटं हे सगळं त्या दोन तासांच्या मागेपुढे बसवा. आम्ही सहा जण होतो. त्यात 71 वर्षांच्या सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. हे दोन तास साधले म्हणून सगळ्यांचं बघणं झालं.

तारीख ठरवताना

जून ते ऑगस्ट टाळा. वर सावली जवळजवळ नाहीच आणि संगमरवर व खडक दोन्ही तापतात. 2023, 2024 आणि 2025 अशा सलग तीन उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेमुळे अ‍ॅक्रोपोलिस दुपारचे काही तास बंद ठेवावं लागलं होतं. आपल्या शाळांच्या वेळापत्रकात दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची. तेव्हा तिथली हवा सुखद असते, फक्त दिवस लहान होत जातो आणि टेकडी लवकर बंद होते. ती जमली नाही तर मेचा पहिला पंधरवडा बघा, पण 1 मे सोडून. आपल्या महाराष्ट्र दिनाच्या दिवशी तिथे कामगार दिनाची सुट्टी असते. टेकडी आणि तिचं संग्रहालय दोन्ही बंद. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या रविवारीही तेच, आणि त्यांचा ईस्टर आपल्या कॅलेंडरात छापलेल्या ईस्टरच्या दिवशीच येईल असं नाही, म्हणून त्या वर्षीची तारीख वेगळी शोधा. 28 ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय सण. त्या दिवशी प्रवेश फुकट असतो, पण आजीला घेऊन त्या गर्दीत शिरू नका.

व्हिसा

ग्रीस शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकाल साधारण 15 दिवसांत लागतो, पण 45 दिवसांपर्यंतही लांबू शकतो, म्हणून निदान दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी वैध हवा. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, ते आधी काढून बघा. घाई होते ती नेमकी तिथेच.

तिकीट

2023 पासून टेकडीवर ठरलेल्या वेळेचंच तिकीट मिळतं आणि दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे. तिकीट सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा आणि आठचीच वेळ घ्या. एप्रिल 2025 पासून पूर्ण तिकीट 30 युरो झालं. आजूबाजूचे इतर अवशेष मिळून जे एकत्रित तिकीट पूर्वी असायचं ते बंद झालं आहे. जुन्या प्रवासवर्णनांत त्याचा सल्ला अजून वाचायला मिळतो, त्यावर जाऊ नका. सवलत वयावर आणि नागरिकत्वावर ठरते. तेव्हा मुलांसाठी योग्य प्रकार निवडा आणि दाराशी दाखवायला पासपोर्ट सोबत ठेवा. संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

आजीच्या गुडघ्यांचा निर्णय घरीच घ्या

हे सर्वांत महत्त्वाचं. निघण्याआधी एक रविवार कार्ल्याला जा. एकवीरेचं दर्शन होतं, पायऱ्या चढून गुडघ्यांची परीक्षा होते आणि मुलांना एक धागाही मिळतो. चैत्यगृहातल्या काही खांबांवर ब्राह्मीत लेख आहेत, की हा खांब धेनुकाकट नावाच्या गावच्या अमुक यवनाचं दान. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, ग्रीकांवरून आला. दोन हजार वर्षांपूर्वी त्या नावाने ओळखली जाणारी माणसं आपल्या सह्याद्रीत खांब देऊन गेली, हे कळल्यावर अथेन्स माझ्या मुलीला परकं राहिलं नाही.

कार्ला सावकाश का होईना चढता आलं, तर अ‍ॅक्रोपोलिसही जमेल. नाही जमलं तरी आजीला हॉटेलवर ठेवायचं कारण नाही. ज्यांना चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी टेकडीच्या कड्याला लागून तिरकी लिफ्ट आहे. ती व्हीलचेअरवरच्या आणि चालण्याची अडचण असलेल्या लोकांसाठी आहे, सरसकट सगळ्यांसाठी नाही. त्यामुळे आधी कळवून ठेवा आणि त्या दिवशी पश्चिमेच्या मुख्य दारानेच जा.

मुक्काम कुकाकी किंवा माक्रियान्नी भागात घ्या. दोन्ही टेकडीच्या दक्षिणेला, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. प्लाका दिसायला देखणी वस्ती आहे, पण तिथल्या दगडी पायऱ्यांवरून बॅगा ओढताना दमछाक होते. विमानतळावरून निळ्या मेट्रोने सिंताग्मा, तिथे लाल मार्गावर बदलून पुढचंच स्थानक आक्रोपोली. मेट्रोत पाकीट पुढच्या खिशात ठेवा, तिथले पाकीटमार प्रसिद्ध आहेत.

आदल्या रात्रीची गोष्ट

गोष्ट माहीत नसेल तर मुलांना वर फक्त मोडके खांब दिसतात. म्हणून झोपताना सांगा: या शहराचं दैवत कोण, यावरून अथेना आणि समुद्राचा देव पोसायडन यांच्यात पैज लागली. पोसायडनने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथेनाने ऑलिव्हचं झाड दिलं. लोकांच्या मनात झाड भरलं आणि शहर अथेनाचं झालं. वर एरेक्थेइऑन मंदिराशेजारी आजही एक ऑलिव्ह उभं आहे. झाड अलीकडच्या काळात लावलेलं आहे, पण आमचा चार वर्षांचा टेकडीवर पोचताच धावला तो थेट त्याच झाडाकडे.

मोठ्या मुलांना पुढचं सांगा. टेकडीवरचं सर्वांत मोठं मंदिर म्हणजे अथेनाचं पार्थेनॉन. त्याचं बांधकाम इसवी सनापूर्वी 447 मध्ये, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्या काळात सुरू झालं. इक्तिनोस आणि कल्लिक्रातेस हे वास्तुविशारद, फिदिआस शिल्पकार. पुढे त्याचं चर्च झालं, मग मशीद. 1687 मध्ये व्हेनिसच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा तुर्कांनी आत दारूगोळा भरला होता. एक तोफगोळा त्यावर पडला आणि दोन हजारांहून अधिक वर्षं उभी असलेली इमारत मधोमध फुटली.

प्रत्यक्ष सकाळ

पायात रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट हवेत. लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला संगमरवर कोरडा असतानाही निसरडा असतो, चपला नकोतच. बाबागाडी आणि मोठ्या पिशव्या खाली ठेवाव्या लागतात, तेव्हा लहानग्यासाठी पाठीवरची झोळी आणा. पाणी न्या. डबा वर उघडता येत नाही, म्हणून निघताना कोपऱ्यावरच्या गाडीवरून तीळ लावलेली कुलुरी, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, घ्या आणि दाराबाहेरच खा.

चढू शकणाऱ्यांनी आग्नेयेच्या दाराने जावं. ते मेट्रोच्या अगदी जवळ आहे, डायोनिससच्या नाट्यगृहावरून वाट हळूहळू चढते आणि बसायला कारण मिळतं. आम्ही तिथे दहा मिनिटं टेकलो. सासूबाईंनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि पुढची वाट न थांबता चढल्या.

वर पोचल्यावर फोटो थोडे नंतर. आधी पार्थेनॉनच्या एका कोपऱ्याशी उकिडवे बसा आणि डोळा पायरीच्या पातळीवर आणून तिच्या कडेने दूरवर बघा. पायरी सरळ नाही! मध्ये ती फुगलेली आहे, लांब बाजूला सुमारे 11 सेंटीमीटर. खांबही आत किंचित कललेले आणि मध्ये जरासे फुगीर. डोळ्याला इमारत सरळ आणि जिवंत वाटावी म्हणून केलेली ही वक्रता असं मानतात, आणि त्यासाठी दगड न् दगड वेगळा घडवावा लागला. माझी मुलगी तिथून उठेना. मग तिने खांबांवरची ठिगळं शोधली: जुना संगमरवर मधासारखा पिवळसर, डागडुजीचा नवा पांढराशुभ्र, आणि दोन्ही त्याच पेंटेली डोंगरातले. दुरुस्तीचं काम 1975 पासून चालू आहे, त्यामुळे कुठे ना कुठे परांची किंवा क्रेन दिसणारच. त्याने हिरमुसू नका, उलट मुलांना काम करणारी माणसं दाखवा.

जमिनीवरचा खडाही कुणाला उचलू देऊ नका. तिथे तो गुन्हा आहे.

दुपार संग्रहालयात

दहाला खाली उतरा, पोटभर खा आणि उन्हाचे तास अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात काढा. लिफ्ट आहे, बाबागाडी चालते, बसायला बाकं आहेत. टेकडीवर न गेलेल्या आजीला याच ठिकाणी आपल्यात सामील करून घ्या. काचेच्या जमिनीखाली जुनी वस्ती दिसते, तिथे मुलं रमतात. लेगोची अख्खी अ‍ॅक्रोपोलिसही आहे.

एरेक्थेइऑनच्या छताला डोक्यावर तोलणाऱ्या सहा स्त्रियांपैकी पाच मूळ मूर्ती इथे आहेत. टेकडीवर आहेत त्या प्रतिकृती. सहावीची जागा रिकामी ठेवली आहे, कारण ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या मूर्तींना मागून नक्की बघा. प्रत्येकीची वेणी वेगळी गुंफलेली आहे, आणि त्या जाड केशभारामुळेच नाजूक मानेला वरचा भार सोसतो. सासूबाई प्रत्येकीच्या मागे उभ्या राहून पेड मोजत होत्या. सर्वांत वरच्या मजल्यावर पार्थेनॉनवरचा, मिरवणुकीचा 160 मीटरचा शिल्पपट्टा लावला आहे. त्यात पिवळसर ते मूळ दगड आणि पांढरे ते लंडनला असलेल्या तुकड्यांचे प्लास्टरचे ठसे. काय शिल्लक आहे आणि काय नेलं गेलं, हे मुलांना न सांगता कळतं. काचेतून समोर पार्थेनॉन दिसत असतं.

जेवण आणि दोन शब्द

शाकाहारी मंडळींनी ‘निस्तीसिमो’ हा शब्द पाठ करावा. म्हणजे त्यांचं उपवासाचं: मांस, दूध, अंडं नाही. मात्र त्यांच्या उपवासाला कालवं आणि ऑक्टोपस चालतो, तेव्हा तेवढं विचारून घ्या. भात भरलेले टोमॅटो म्हणजे गेमिस्ता, पिवळ्या डाळीचं घट्ट वरणासारखं फावा, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे घेवडे म्हणजे गिगांतेस. तिन्ही आजीला रुचतील, पण गेमिस्तात कधी खिमाही भरतात, म्हणून तेही विचारा.

आणि लक्षात ठेवा, ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. आपलं ‘नै’ त्यांना होकार वाटतो. वाढप्याने आणखी आणू का विचारल्यावर सासूबाई दोनदा ‘नै, नै’ म्हणाल्या आणि आमच्या टेबलावर फावाची दुसरी ताटली आली. नको म्हणायचं असेल तर ‘ओही’ म्हणा, ह जरा घशातून काढून.